विश्लेषण : विंडोजचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ स्वतः कंपाइल करायचे तर काय लागते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणे बंद केले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले संगणक घरोघरी आणि दुकानांत आहेत. त्यांच्यासाठी लिनक्स हा पर्याय सुचवला जातो. मात्र गाडी बहुतेकदा एकाच ठिकाणी अडते : बिले काढायचे किंवा डीटीपीचे एखादे जुने सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालते. इथे ‘वाइन’चे नाव पुढे येते.

वाइन नेमके करते काय?

बॉब अ‍ॅमस्टाट आणि एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये हा मुक्त प्रकल्प सुरू केला. १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार त्याची धुरा सांभाळत आहेत. आवृत्ती १.० यायला २००८ चा जून उजाडला, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे गेली. वाइन संगणकात दुसरा खोटा संगणक उभा करत नाही. विंडोजचा प्रोग्राम ‘फाइल उघड’, ‘खिडकी दाखव’ असे जे हुकूम सोडतो, ते लिनक्स, फ्रीबीएसडी किंवा मॅकओएसला कळतील अशा हुकुमांत बदलून देते. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकवर विंडोजचे गेम चालतात ते वाइनवरच आधारलेल्या ‘प्रोटॉन’मुळे.

तयार मिळते, मग कंपाइल कशाला?

बहुतेकांनी त्या फंदात पडू नये. उबंटू, डेबियन, फेडोरा यांवर तयार पॅकेज मिळते आणि ते पुरते. एखाद्या दोषावरची दुरुस्ती अजून पॅकेजमध्ये आलेली नसेल, किंवा आपल्या प्रणालीसाठी पॅकेजच नसेल, तेव्हा सोर्स कोड घेऊन बसावे लागते.

संगणक कसा हवा?

अट फार कडक नाही. सोर्स कोडसोबतच्या रीडमी फाइलमध्ये लिनक्ससाठी २.६.२२ किंवा त्यापुढचे कर्नल सांगितलेले असते. हे कर्नल २००७ चे, त्यामुळे आजची कोणतीही लिनक्स प्रणाली त्यात बसते. मूळ गरज आहे ती कर्नलच्या पातळीवर थ्रेड हाताळता येण्याची. एकाच प्रोग्रामची अनेक कामे एकाच वेळी चालवण्यासाठी वाइनला ती सोय लागते. म्हणूनच युनिक्ससारखी दिसणारी प्रत्येक प्रणाली चालत नाही.

प्रोसेसरची बाब मात्र विसरू नये. वाइन हुकूम बदलते, प्रोसेसरची भाषा नाही. रास्पबेरी पायसारख्या एआरएम संगणकावर ते कंपाइल होईल. पण इंटेलसाठी बनलेला विंडोजचा प्रोग्राम एकट्या वाइनच्या जोरावर तिथे चालणार नाही.

मग अडते कुठे?

सुट्या भागांपाशी. सी कंपायलर, ग्नू मेक, फ्लेक्स आणि बायसन ही हत्यारे आधी हवीत. त्यानंतर लायब्ररी. ‘फ्रीटाइप तर आहे, तरी सापडत नाही का म्हणते?’ हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. संगणकावर असते ती वापरापुरती लायब्ररी. कंपाइल करायला तिच्या हेडर फायली लागतात. त्या वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतात. डेबियन-उबंटूत अशा पॅकेजच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ लागते, फेडोरात ‘डेव्हेल’.

कामाला सुरुवात होते ती ‘कॉन्फिगर’ या आज्ञेने. ती संगणकाची झडती घेते. खिडक्या दाखवणारे एक्स ११ किंवा अक्षरे उमटवणारे फ्रीटाइप सापडले नाही, तर ती तिथेच थांबते. हे बरे, निदान चूक कळते. खरा घोळ होतो तो ती थांबत नाही तेव्हा. आवाजाची लायब्ररी नसेल, सुरक्षित इंटरनेट जोडणीचे ग्नूटीएलएस नसेल किंवा छपाईचे कप्स नसेल, तर शेवटी एखाददुसरी ओळ छापून ती पुढे जाते. पडद्यावरून शेकडो ओळी सरकत असताना ती वाचतो कोण? मग ‘मेक’ सुरळीत पार पडते, बिलाचे सॉफ्टवेअर उघडते, रक्कम बरोबर येते, आणि प्रिंटर काही दिसत नाही! सगळे प्रिंटरवर संशय घेतात. चूक मात्र न वाचलेल्या त्या ओळीत असते. कॉन्फिगरचा शेवटचा भाग सावकाश वाचा, हवे ते पॅकेज टाका आणि आज्ञा पुन्हा द्या.

३२ आणि ६४ बिटचे काय?

जुनी सॉफ्टवेअर बहुधा ३२ बिटची, संगणक ६४ बिटचा. पूर्वी यासाठी वाइन दोनदा कंपाइल करावे लागे आणि वरची प्रत्येक लायब्ररी दोन्ही रूपांत लागे. या खटपटीत अनेकांनी हात टेकले. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या वाइन ९.० पासून नवी पद्धत वापरता येते. कॉन्फिगरला दोन्ही प्रकार एकत्र बांधायला सांगायचे. युनिक्सकडच्या लायब्ररी मग ६४ बिटच्याच पुरतात. त्यासाठी विंडोजच्या स्वरूपातल्या फायली बनवणारा मिंगडब्ल्यू कंपायलर दोन्ही प्रकारांत हवा. मॅकवाल्यांना याचा मोठा फायदा झाला, कारण अ‍ॅपलने २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिटचे प्रोग्राम बंदच केले होते.

किती वेळ, किती जागा?

काही जीबी जागा मोकळी ठेवा. ‘मेक’ला एकाच वेळी अनेक कामे देता येतात, मात्र रॅम कमी असेल तर ती संख्या कमीच ठेवा, नाहीतर संगणक गुदमरतो. कॉन्फिगर आणि मेक साध्या युजर खात्यातूनच चालवावे. इन्स्टॉल न करता त्याच फोल्डरमधून वाइनचे नोटपॅड उघडून पाहता येते. त्यातून एक पान छापून बघा.

सगळे सॉफ्टवेअर चालेल?

नाही. स्वतःचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये घालणारी सॉफ्टवेअर सहसा वाइनवर अडतात, मग ते कितीही नीट कंपाइल केलेले असो. यूएसबी डोंगल लावल्याशिवाय न उघडणाऱ्या अनेक जुन्या पॅकेजची हीच गत होते. तुमच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागत असेल तर ते दुसऱ्या संगणकावर वाइनमध्ये आधी चालवून पाहा, आणि तोवर विंडोज पुसू नका.