खंडित कौशल्याची किंमत

युद्धनौका विकत घेता येते. ती बांधणारे हात विकत घेता येत नाहीत. हे साधे सत्य राज्यकर्त्यांच्या ध्यानी किती उशिरा येते, याची साक्ष मुंबईतील माझगाव गोदीच्या इतिहासाइतकी स्पष्ट अन्यत्र क्वचितच मिळेल.

मुंबईला जहाजबांधणी नवी नव्हती. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथे पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. परंतु लोखंड आणि वाफ यांचे युग आले आणि ही परंपरा निस्तेज झाली. माझगाव येथे १७७४ मध्ये बांधलेली लहानशी सुकी गोदी कालांतराने पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपन्यांच्या हाती गेली. १९३४ मध्ये तिची कंपनी स्थापन झाली, तरी जहाजांची डागडुजी हाच तिचा मुख्य व्यवसाय राहिला.

भारत सरकारने १९६० मध्ये ही गोदी ताब्यात घेतली आणि चित्र पालटू लागले. ब्रिटिशांच्या ‘लिअँडर’ आराखड्यावर बांधलेली ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. १९८१ पर्यंत त्याच वर्गातील आणखी पाच फ्रिगेटी तयार झाल्या आणि त्यांतील देशी सामग्रीचे प्रमाण वाढत गेले. १९८३ मधील ‘गोदावरी’चा आराखडा तर नौदलानेच केला होता. कामाचा क्रम अखंड राहिला म्हणूनच दुरुस्तीची गोदी अवघ्या दोन तपांत हा पल्ला गाठू शकली.

पाणबुड्यांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. पश्चिम जर्मनीतील एचडीडब्ल्यू कंपनीशी १९८१ मध्ये झालेल्या करारानुसार दोन पाणबुड्या माझगावला बांधावयाच्या होत्या. ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली. दरम्यान १९८७ मध्ये दलालीच्या आरोपांचे वादळ उठले आणि पुढील दोन पाणबुड्यांचा बेत बारगळला. नवा करार फ्रेंच सहकार्याने झाला तो थेट २००५ मध्ये! समुद्रतळाशी पाण्याचा प्रचंड दाब सोसणाऱ्या पोलादी कवचाचा एकेक सांधा निर्दोष जोडणे, ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती जाणणारे कारागीर या अवधीत पांगले, निवृत्त झाले. ‘कलवरी’ २०१२ मध्ये मिळावयाची होती, ती आली २०१७ च्या डिसेंबरात. विलंबाला सामग्री मिळविण्यातील दिरंगाईही कारणीभूत होती; पण विसरलेली विद्या पुन्हा शिकण्याचा काळही त्यात मोजावाच लागतो.

आरोपांची चौकशी व्हावयास नको होती, असा याचा अर्थ नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. मात्र दोषी शोधताना कारखाना ओस पाडण्याचे कारण नव्हते. गोदीला केवळ जगविण्यासाठी काम द्यावे काय, हा आक्षेपही रास्तच आहे. परंतु गरज असताना निर्णयच न घेणे ही काटकसर नव्हे.

२०२५ च्या जानेवारीत सहावी पाणबुडी ‘वागशीर’ नौदलात दाखल झाली आणि गमावलेले कौशल्य पुन्हा हाती आले. ते दुसऱ्यांदा मिळविण्यासाठी देशाने मोजलेली किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदलेली नाही. ती तिसऱ्यांदा मोजावी लागू नये.