खाडीची चिंबोरी, निवटी आणि जड धातू

कोपरच्या पश्चिमेला उल्हास खाडी आहे. पाग टाकून, गळ लावून तिथे आजही बोय, निवट्या, चिंबोऱ्या पकडल्या जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाणकोंबडी किंवा रानबदक मारणं गुन्हा आहे. म्हणून आपल्या भागात न पाळलेल्या जिवाचं खाणं म्हणजे मुख्यतः ही मासळी. तिच्या अंगात पारा, शिसं, कॅडमियम साठू शकतात. यांनाच जड धातू म्हणतात. ते पाण्यातून ताटापर्यंत कसे येतात, हे क्रमाने पाहू.

सुरुवात कारखान्यांपासून. उल्हास नदी बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत इथे येते. वाटेत तिला काळू नदी मिळते आणि उल्हासनगरचं सांडपाणी घेऊन वालधुनीही मिळते. काळूकाठी आंबिवली परिसरात पाऱ्याचं प्रदूषण अभ्यासकांनी काही दशकांपूर्वीच नोंदवलं होतं. त्या काळी कॉस्टिक सोडा बनवताना पारा वापरत आणि त्यातला काही सांडपाण्यातून बाहेर पडे. पुढे ती पद्धत मागे पडली, पण धातू कुजत नाही.

तो गाळात बसतो. म्हणून पाणी नितळ दिसलं की खाडी सुधारली, असं समजू नये. रेतीउपसा झाला की खाली दबलेला जुना गाळ पुन्हा वर येतो.

पाऱ्याचं खरं संकट या गाळातच तयार होतं. जिथे हवा पोचत नाही तिथले सूक्ष्म जीव साध्या पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. हा सेंद्रिय, म्हणजे कार्बनला जोडलेला पारा. अन्नातून तो जवळजवळ सगळा रक्तात शिरतो आणि गर्भाच्या मेंदूपर्यंत पोचतो. जपानच्या मिनामाता शहरात १९५६ साली उघडकीला आलेला आजार याच पाऱ्याचा. तिथेही माणसांनी खाल्ली होती ती उपसागरातली रोजची मासळी.

गाळातले किडे पारा घेतात, किड्यांना छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे. दर पायरीला अंगातलं प्रमाण वाढत जातं. त्यामुळे एकाच खाडीतल्या बोटभर बोयीपेक्षा चार-पाच किलोंच्या जिताड्यात पारा कितीतरी जास्त असू शकतो, कारण जिताडा शिकारी आहे आणि वयानेही मोठा. ‘मोठा मासा मिळाला’ हा आनंद मी समजू शकतो, पण पोटुशी बाई आणि लहान मुलं यांच्या ताटात छोटी मासळीच वाढावी.

धातू कुठे बसतो, इथे सर्वांत जास्त गफलत होते. मिथाइल पारा मांसात बसतो. कातडी काढा, पोट साफ करा, तो तसाच राहतो. कॅडमियम मात्र यकृत-मूत्रपिंडात साठतं. चिंबोरीत ते कवचाखालच्या पिवळसर-तपकिरी मऊ भागात असतं, जो अनेकांना सर्वांत जास्त आवडतो. तो भाग शिजवण्याआधीच काढावा. अख्खी चिंबोरी उकडली तर त्यातलं काही कॅडमियम पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी रश्शात घेऊ नये. चिंच, कोकम, हळद, तळणं, कशानेही धातू जात नाही. तळताना पाणी उडतं, म्हणजे ग्रॅममागे धातू थोडा वाढतोच.

वासावरून ओळखता येत नाही. रॉकेलचा वास येणारी मासळी वाईटच, पण वास नसलेलीही निर्धोक असेलच असं नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते. एनएबीएल मान्यताप्राप्त, म्हणजे चाचणीचा दर्जा तपासून मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे चार-सहा नग, बर्फात, जागा आणि तारीख लिहून. मांस आणि यकृत वेगळं तपासायला सांगावं.

अहवाल हातात आला की आधी एकक पाहावं. आकडा ओल्या वजनावर आहे की सुकवलेल्या? माशात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं, म्हणून सुकवलेल्या वजनाचा आकडा चार-पाच पट मोठा दिसतो आणि लोक उगाच घाबरतात, किंवा उलट समजून निर्धास्त होतात. अन्नसुरक्षेची मर्यादा ओल्या वजनावर मोजतात. शिकारी नसलेल्या माशाला पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, मोठ्या शिकारी माशाला १.

आता हिशेब करू. जागतिक तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ५० किलो वजनाच्या बाईला ८० मायक्रोग्रॅम. किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असलेल्या माशाचं १६० ग्रॅम मांस खाल्लं की ती मर्यादा संपली, म्हणजे दीडेक तुकडा. प्रमाण ०.१ असेल, तर आठवड्याला ८०० ग्रॅम चालतात. म्हणून मासळी सोडण्यापेक्षा जात, आकार आणि जागा बदलणं जास्त कामाचं. कोळीवाड्यातल्या माणसांना खाडी कुणी घाण केली हे ठाऊक आहे. त्यांची मासळी सरसकट विषारी म्हणणं अन्यायच आहे.

एकदा आत गेलेला पारा जातोही. साधारण दोन महिन्यांत तो निम्मा होतो. म्हणून मूल होण्याचा विचार असेल, तर खाडीचे मोठे शिकारी मासे पाच-सहा महिने आधीच थांबवावेत. कॅडमियम तसं निघत नाही, मूत्रपिंडातलं ते निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात.