पोट बांधाल, पण तळाचं काय?

बाळंतपणाला महिना होतो न होतो तोच सपाट पोटाने कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या अभिनेत्रीचा फोटो या आठवड्यात घरोघरी फिरला, आणि पाठोपाठ मोबाइलवर पट्ट्यांच्या जाहिराती. पट्टा आपल्याला नवा नाही. जुन्या सुती लुगड्याची घडी आजी ओल्या बाळंतिणीच्या पोटाला अशी आवळायची, की तिला धड वाकता येऊ नये. का, तर पोट सुटतं!

पोटात थोडा दाब कायमच असतो. अतिदक्षता विभागात आडव्या पडलेल्या मोठ्या माणसाच्या पोटातही तो साधारण ५ ते ७ मिलिमीटर पारा भरतो. तो मोजतात मात्र मूत्राशयात घातलेल्या नळीतून. १२ झाला की अतिदक्षता विभागात डॉक्टर सावध होतात. सिझेरियनच्या टेबलावरच्या धडधाकट बाईचा तो १२च्या पुढे भरला, तर नवल नाही. तिला झेपतो, कारण महिनोन्‌महिने हळूहळू चढलेला असतो. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकून जागा करून देतात. मूल बाहेर आलं की दाब उतरतो. फाकलेले स्नायू मात्र जवळ यायला महिने घेतात.

आता पट्टा. कणकेचा गोळा मुठीत आवळला की तो बोटांच्या फटींतून बाहेर येतो. कंबर करकचून आवळली की दाब खाली, नुकत्याच ताणल्या गेलेल्या ओटीपोटाच्या तळावर येणार, अशी फिजिओथेरपिस्टना धास्ती असते. सिझेरियननंतर उठता-बसताना टाक्यांना सैलसर आधार हवा, हे मान्य. पण पट्ट्याने स्नायू कायमचे जुळतात, याला पुरावा तोकडा आहे.

तळाची खरी दखल घेतली लॉस एंजेलिसच्या अरनॉल्ड केगेल यांनी. १९४८ साली त्यांनी व्यायाम मांडला आणि सोबत एक उपकरण: योनीत ठेवायची हवेची नळी, तिला जोडलेली तबकडी. बाईने स्नायू आवळला की काटा हलायचा. आपण नेमकं काय आवळतोय, हे तिला डोळ्यांनी दिसायचं. व्यायामाला त्यांचं नाव चिकटलं. तबकडी विस्मरणात गेली, आणि ‘लघवी रोखल्यासारखं करा’ एवढ्या तोंडी सूचनेवर आपण बाईला घरी पाठवतो. अंग बाहेर येण्याबद्दल तर कुजबुजतच बोलायचं.

परवा भाचीकडे गेले होते. पट्टा घट्ट बांधून बसली होती. शिंक आली, तशी तिने बाळ माझ्याकडे दिलं आणि पायांची कात्री केली.