सर्व्हर बंद न पाडता कंट्रोलर रिसेट कसा करायचा?

नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात मोठी डेटा सेंटर्स आहेत. आपल्या घरातली मुलं-मुलीही अशा ठिकाणी शिफ्टमध्ये कामाला लागतात. तिथे नेहमी येणारी एक अडचण म्हणजे सर्व्हर व्यवस्थित चालू असतात, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणारा कंट्रोलर अडकतो. लॉगिनचं पान उघडत नाही, तापमान दिसत नाही. अशा वेळी घाईत चुकीची कमांड दिली, तर कुणाच्या तरी हॉस्पिटलचं किंवा बँकेचं काम मध्येच थांबू शकतं.

डेलच्या एम१०००ई या चॅसिसचं उदाहरण घेऊ. चॅसिस म्हणजे लोखंडी पेटी. तिच्यात अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड सर्व्हर बसतात. वीजपुरवठा आणि पंखे सगळ्यांचे सामाईक. त्यांची देखरेख करणारा छोटा स्वतंत्र संगणक म्हणजे चॅसिस मॅनेजमेंट कंट्रोलर, अर्थात सीएमसी. सोसायटीच्या वॉचमनसारखं समजा. वॉचमन बदलला म्हणून घरातली माणसं बाहेर काढावी लागत नाहीत. तसंच सीएमसी रिसेट केला तरी ब्लेड सर्व्हर चालूच राहतात.

आता कमांड. इथे फक्त उच्चार दिले आहेत, टाईप इंग्रजीतच करायचं. एसएसएच किंवा सिरीयल केबलने सीएमसीत लॉगिन करा. आधी ‘रॅकॲडम गेटरॅकलॉग’ देऊन नोंदी जपून ठेवा, बिघाडाचं कारण शोधायला त्या लागतात. फर्मवेअर अपडेट चालू नाही ना, तेही बघा. मग ‘रॅकॲडम रॅकरीसेट’ द्या. कनेक्शन तुटेल. घाबरू नका, ते तुटणारच. काही मिनिटं थांबा आणि पुन्हा लॉगिन करा. पेटीत दुसरा सीएमसी असेल, तर ‘रॅकॲडम सीएमसीचेंजओव्हर’ने कारभार त्याच्याकडे सोपवता येतो.

इथे दोन जागी पाय घसरतो. पहिली जागा ‘रॅकरीसेटसीएफजी’. शेवटी तीनच अक्षरं जास्त, पण ती सीएमसीची सेटिंग्ज कारखान्यातून आली तशी करून टाकते. नेटवर्कचा पत्ता, युजर, पासवर्ड सगळं जातं. तुम्ही दुसऱ्या शहरातून काम करत असाल, तर कुणाला तरी पेटीपर्यंत पाठवावं लागतं. दुसरी जागा ‘चॅसिसॲक्शन’. ही कमांड थेट पेटीच्या विजेशी खेळते.

साध्या, सुट्या सर्व्हरमध्ये हेच काम बीएमसी करतो. मुंबईकरांना बीएमसी म्हटलं की महापालिका आठवते, पण हा बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. त्याच्यासाठी आयपीएमआय हा सामाईक नियमसंच १९९८ साली आला. त्यात ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’ दिलं, की फक्त कंट्रोलर नव्याने सुरू होतो. ‘आयपीएमआयटूल चॅसिस पॉवर रीसेट’ दिलं, तर सर्व्हरच झटक्यात रीस्टार्ट होतो आणि सेव्ह न झालेलं काम जातं. दोन्हींत ‘रीसेट’ आहे, म्हणूनच गफलत होते.

म्हणून एंटर दाबण्याआधी कमांड पुन्हा वाचा आणि एकच प्रश्न विचारा: आपण वॉचमनला उठवतोय, की अख्ख्या इमारतीची लाईट घालवतोय? नक्की सांगता येत नसेल, तर सीनियरला फोन लावा, मग रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.