मुलाची गोळी मध्येच थांबवू नका

बासर परिसरातील शेतकरी बंधुभगिनींनो, जवळ कुणी नसताना मुलाला आवाज ऐकू येतात, तो घरच्यांवरच संशय घेतो, तेव्हा ती बाहेरची बाधा समजू नये. तो स्किझोफ्रेनिया असू शकतो. १३ वर्षांच्या आत हा आजार क्वचित, पुढे अधिक दिसतो. मनोविकारतज्ज्ञ रिस्पेरिडोनसारखे औषध थोड्या मात्रेने सुरू करतात. पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. भूक वाढते, म्हणून वजन व रक्तातील साखर तपासत राहावी. अंग ताठरले, हात थरथरले, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. हैदराबादचे एर्रागड्डा रुग्णालय लांब पडते. परंतु २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसचा सल्ला फुकट मिळतो. आमचे एकच सांगणे: पीक हिरवे दिसले म्हणून आपण पाणी तोडत नाही, तसे मूल सावरले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.