पदवीपर्यंत बरोबरी, पुढे मात्र गळती

परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर, काचपात्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. कर्करोगावरील संशोधनासाठी त्या प्रसिद्ध आहेतच. पण १९७३ साली सहकारी स्त्री-वैज्ञानिकांसह त्यांनी ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ ही संस्थाही स्थापन केली. वैज्ञानिकांच्या संस्था तर आधीपासूनच होत्या. मग ही वेगळी संस्था कशासाठी?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, त्या मुलगी आहेत म्हणून, तो नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर वर्षभर परीक्षा पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

त्या काळी अडसर दारातच होता. आज ते दार उघडे आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण पाहणीनुसार विज्ञान शाखांत २९.८ लाख मुली आणि २७.४ लाख मुलगे शिकत होते. म्हणजे मुलीच जास्त! अभियांत्रिकीत मात्र मुली एक-तृतीयांशाहून कमी आहेत. आणि देशातील एकूण संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण एक-पंचमांशही नाही. मग एवढ्या मुली जातात कुठे?

तानसाचे पाणी लांबच लांब नळांतून मुंबईत येते. वाटेत प्रत्येक सांध्याशी थोडे थोडे पाणी गळले, तर गिरगावच्या नळाला धार बारीक लागणार. शिक्षण आणि व्यवसाय यांचेही तसेच आहे.

एक गणित करून पाहा. समजा, १०० मुलगे आणि १०० मुली एकाच वेळी निघाले. वाटेत सहा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर मुलग्यांपैकी ९० टक्के आणि मुलींपैकी ८० टक्के पुढे जातात. फरक किरकोळ वाटतो ना? पण सहाव्या टप्प्यानंतर सुमारे ५३ मुलगे उरतात आणि मुली फक्त २६! आरंभी निम्म्या असलेल्या मुली शेवटी एक-तृतीयांश होतात. कोणीही दार बंद केलेले नसताना हे घडते.

हे सांधे कोणते? पीएच.डी. आणि पहिली नोकरी यांचे वय तेच लग्नाचे आणि बाळंतपणाचे वय असते. पतीची बदली झाली की बहुधा पत्नीच नोकरी सोडते. दोन-तीन वर्षांचा खंड पडला की नेमणुकीची वयोमर्यादा आड येते. ही कारणे बुद्धीची नाहीत, व्यवस्थेची आहेत; म्हणून ती दुरुस्त करता येतात. रणदिवे यांच्या संस्थेने वाशीला पाळणाघर आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह चालवले, ते याचसाठी. खंड पडलेल्या स्त्री-वैज्ञानिकांना पुन्हा संशोधनात आणण्यासाठी केंद्र सरकारनेही खास योजना काढल्या.

येथे एक शंका घ्यायला हवी. आजचे ज्येष्ठ प्राध्यापक तीस वर्षांपूर्वी पदवीधर झाले. तेव्हा मुलीच कमी होत्या. मग ही गळती की नुसता उशीर? याचा निवाडा करायचा, तर आजच्या विद्यार्थिनींची आजच्या प्राध्यापकांशी तुलना करून भागणार नाही. एकाच वर्षीच्या पदवीधरांचा माग वीस-पंचवीस वर्षे काढावा लागेल.

तुम्हीही एक लहानशी पाहणी करू शकता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तुमच्या शाळेतून विज्ञान शाखेकडे गेलेल्या मुलामुलींपैकी आज किती जण त्या क्षेत्रात आहेत, हे त्यांच्या संमतीने विचारा. नावे न लिहिता केवळ आकडे मांडा. ज्यांनी क्षेत्र सोडले, त्यांना ‘कोणत्या वर्षी आणि का?’ हेही विचारा. शाळा एकच असल्याने त्यावरून देशाचा निष्कर्ष काढू नका. पण आपल्या भागात नळ कोणत्या सांध्याशी गळतो, याचा अंदाज नक्की येईल.