कोठीतली गोळी

खान्देशात विषाला कुणी विष म्हणत नाही. कपाशीवर औषध मारायचं, चौकटीला उदई लागली की औषध सोडायचं, झुरळं वाढली की औषधवाल्याला बोलवायचं. महाराष्ट्रात इतरत्रही बोलायची रीत हीच. पण औषध म्हटलं की हात सैल सुटतो. थोडं जास्त पडलं तर काय बिघडलं, असं वाटतं. आणि मारणाऱ्याकडे परवाना आहे का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

गेल्या उन्हाळ्यात अमळनेर तालुक्यात मावशीकडे गेलो होतो. झोपायच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी पत्र्याची कोठी आणि तिच्यात वर्षाची दादर ज्वारी. झाकण उघडलं तर वरच एक पुरचुंडी, जुन्या धोतराच्या फडक्यात दोऱ्याने बांधलेली. आत राखाडी भुकटी आणि तिला लसणासारखा उग्र वास. ‘गोयी टाकेल शे ना भाऊ, मंग कीड लागस नही,’ मावशी म्हणाली. गोळी बाजाराच्या दिवशी एका दुकानातून आणलेली, सुटी, कागदात गुंडाळून. डबी नाही, लेबल नाही, पावती नाही. नातवंडांची अंथरुणं रोज त्याच खोलीत पडत होती.

ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि मागे राखाडी भुकटी उरते. ३ ग्रॅमच्या गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. एवढ्याने काय होतंय, असं वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. खोली १० फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच धरा. एका गोळीचा सगळा वायू तिच्यात कोंडला, तर हवेच्या १० लाख भागांत फॉस्फिनचे सुमारे २५ भाग होतात. आठ तास काम करणाऱ्या कामगारासाठी अनेक वर्षं मानली गेलेली मर्यादा आहे ०.३ भाग. म्हणजे ८० पटींहून जास्त. दोन गोळ्या असतील तर आकडा ५० वर जातो आणि तिथे थांबणं जिवावर बेतू शकतं. कोठीतून वायू एकदम बाहेर येत नाही, हळूहळू झिरपतो, हे खरं. पण पत्र्याच्या झाकणाला फट असते आणि पावसाळ्यात खिडक्या रात्रभर बंद असतात. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असल्याने भिंतीच्या भेगेतून, मोरीच्या भोकातून शेजारच्या खोलीतही उतरतो. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. वास येतो तो त्यातल्या भेसळीचा, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असं धरून चालत नाही. आणि या विषावर उतारा नाही. कपाशीच्या काही फवाऱ्यांची बाधा झाली तर ॲट्रोपिन असतं, इथे डॉक्टरांच्या हातात रुग्णाला तगवून धरण्यापलीकडे फारसं काही नसतं. मध्यरात्री घरात सगळ्यांनाच उलट्या सुरू झाल्या की आपण आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देतो. कोठीकडे लक्ष जाईपर्यंत वेळ निघून जाते.

म्हणूनच ही गोळी किराणा मालासारखी विकायची वस्तू नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोलचे व्यावसायिक यांनीच करायचा, तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, असं बंधन आहे. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. व्यावसायिकाला कृषी खात्याचा परवाना लागतो. त्यासाठी शेतीची पदवी हवी किंवा रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची. शिवाय म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या केंद्रीय संस्थेतून किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. घरात झुरळांसाठी येणाऱ्या माणसाच्या मागे एवढी अट उभी आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

हीच गोळी जाणत्या हातात कशी वागते, ते जळगावच्या दालमिलमध्ये पाहायला मिळतं. जळगाव डाळीचं मोठं केंद्र आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद गोदामात थप्प्या लावून पडलेले असतात आणि कडधान्यातला भुंगेरा त्यांचा पहिला शत्रू. मादी दाण्यावर अंडं चिकटवते, अळी बाहेर येते ती थेट दाण्यात शिरते आणि आतलं खात वाढते. बाहेरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे वायूच हवा.

मी पाहिलेलं एक धुरीकरण सांगतो. दुपारी चारची वेळ, गोदामात शंभरेक पोत्यांची थप्पी. दोघे जण आणि त्यांचा परवानाधारक मालक. थप्पीवर जाड ताडपत्री ओढली, ती चहूबाजूंनी जमिनीवर दोन फूट पसरेल अशी. तिच्या काठावर वाळू भरलेल्या लांब पिशव्या, एकीच्या टोकावर दुसरीचं टोक चढवून. फरशीला गेलेला एक तडा ओल्या मातीने लिंपला. मग मालकाने हातमोजे घातले, चेहऱ्यावर गाळणी असलेला मुखवटा चढवला, कागद पसरून ताटल्यांत गोळ्या मोजून ठेवल्या, प्रत्येक ताटलीत वेगवेगळ्या, एकमेकींवर न चढवता. ताटल्या ताडपत्रीखाली सरकवल्या आणि शेवटची वाळूची पिशवी बसवली. दाराला कुलूप, दारावर कवटीचं चित्र, गोळ्या ठेवल्याची तारीख, उघडायची तारीख आणि फोन नंबर. रात्री गोदामात झोपणाऱ्या रखवालदाराची खाट त्याने स्वतः उचलून फाटकाजवळ नेली.

सात दिवस कुलूप उघडायचं नाही. मिलवाल्याला घाई असते, गाडी भरायची असते, ‘तीन दिवसांत काढून टाका’ असा आग्रह होतो. पण पूर्ण वाढलेला किडा लवकर मरतो, अंडं आणि कोश मात्र चिवट असतात. वेळेआधी ताडपत्री काढली की तेच उरतात आणि त्यांतून निघणारी पिढी पुढच्या वेळी जास्त मात्रा पचवते. फॉस्फिनला न जुमानणारे किडे भारतातल्या गोदामांत सापडू लागले आहेत, आणि दुसरं इतकं स्वस्त, सोयीचं हत्यार धान्याच्या धंद्यात नाही. म्हणून सात दिवस धरून बसणारा माणूस मला मिलमालकापेक्षाही आपल्या सगळ्यांच्या पानातल्या वरणाची काळजी घेणारा वाटतो.

या माणसाची बाजार कशी कोंडी करतो, हेही सांगायला हवं. शेतमालाच्या गोदामातल्या धुरीकरणाला जीएसटीतून सूट होती, ती १८ जुलै २०२२ पासून काढली गेली. तेव्हापासून रीतसर बिल करणाऱ्याला १८ टक्के कर लावावा लागतो. मुखवटा, वायू मोजायचं यंत्र, प्रशिक्षण, विमा हा खर्च आधीचाच. त्याच्या शेजारी दुसरा उभा असतो, दुचाकीच्या डिकीत गोळ्यांची डबी आणि नाकाला रुमाल. तो कर घेत नाही, बिल देत नाही, निम्म्या दरात काम करतो. धुरीकरणावरचा कर पुन्हा उठवावा, ही मागणी मला रास्त वाटते. धान्य सुरक्षित ठेवणं हे शेतीचंच काम आहे. कायदा पाळणारा महाग आणि मोडणारा स्वस्त, अशी रचना सरकारनेच करून ठेवू नये. १९६८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणायचा प्रयत्न २००८ मध्ये झाला, २०२० मध्ये राज्यसभेत विधेयकही आलं आणि स्थायी समितीकडे गेलं. नव्या कायद्यात या व्यावसायिकांना फवारणी मजूर समजून मागच्या बाकावर बसवू नये.

हा धंदा म्हणजे मारणं एवढंच नाही, हे खान्देशाने १९९४ मध्ये फार जवळून पाहिलं. त्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. उधना, लिंबायतच्या मागांवर काम करणारी आपलीच माणसं तापी लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावला उतरली. अशा वेळी पहिला विचार येतो तो उंदीर मारण्याचा. जाणकार आधी पिसवा मारतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार शरीर शोधतात आणि घरात ते माणसाचं असतं. बिळांच्या तोंडाशी, वाटांवर आधी पिसवांची भुकटी, उंदीर त्यानंतर. या क्रमाची उलटापालट झाली तर विषाच्या गोळ्यांनीच रोग पसरतो.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासमोरून जाताना मला वेगळीच धास्ती वाटते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. जुनी दप्तरं, पोथ्या, रुमालात बांधलेले कागद. अशा कागदाला कसर लागली म्हणून कुणी पंप घेऊन फवारा मारला तर शाई पसरेल, कागद ओला होऊन बुरशी धरेल. तिथे जाणकार माणूस आधी हवेतला ओलावा मोजतो, फटी बुजवतो, बाधलेला रुमाल बाकीच्यांपासून वेगळा काढून ठेवतो. घरातही तसंच आहे. सिंकखालची गळती थांबवून, पाइपाभोवतीचं भोक बुजवून मग जेलचे चार ठिपके लावणारा औषधवाला घरभर फवारा मारणाऱ्यापेक्षा कमी विष वापरतो आणि काम पक्कं करतो. त्याने वास सोडला नाही म्हणून त्याचे पैसे कापणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका.

मावशीच्या कोठीचं काय केलं? पुरचुंडी तिने हात लावायच्या आत मी नाकाला ओलं फडकं बांधून बाहेर काढणार होतो. मग आठवलं की ओल्या फडक्याने फॉस्फिन अडत नाही आणि पाणी लागलं तर उरलेली गोळी जास्तच वायू सोडते. दारं-खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि जळगावच्या एका परवानाधारकाला फोन लावला. त्याने सांगितल्याप्रमाणे दोन दिवस ती खोली उघडी ठेवून वापरायची बंद केली. तो आला, पुरचुंडी घेऊन गेला. दादर धाब्यावर पसरली. मे महिन्यातल्या खान्देशी उन्हात, काळ्या प्लॅस्टिकखाली धान्य ५०-५५ अंशांवर चढलं की किडे तग धरत नाहीत. ऊन खाल्लेलं, कडकडीत वाळलेलं धान्य गार करून हवाबंद पिशव्यांत भरलं. किडा आतला प्राणवायू संपवतो आणि गुदमरून मरतो. कोठी आता पडवीत आहे.

६ जून हा २०१७ पासून जागतिक कीड दिन म्हणून पाळतात. एक-दोन दिवसांत आपल्याकडे मृग निघतो, हवा दमट होते आणि कोठ्यांतल्या गोळ्या जोरात वायू सोडू लागतात. त्याच्या आधी जळगाव आणि धुळ्याच्या प्रत्येक तालुका कृषी कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेस्ट कंट्रोलच्या परवानाधारकांची यादी लागायला हवी, नाव, परवाना क्रमांक आणि मुदतीसह. बाजाराच्या दिवशी सुटी गोळी विकणाऱ्या दुकानांची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. आणि औषधवाला दारात आला की त्याला पाणी द्या, परवाना दाखवायला सांगा आणि कोणतं औषध मारणार त्याचं नाव पावतीवर लिहून घ्या. लेबलवरचा त्रिकोण लाल असेल तर ते सर्वात जहाल आहे. काही झालंच तर डॉक्टरांना तीच पावती दाखवायची आहे.